दुपारी दोनचा फोन

माझ्या दोन्ही फुप्फुसांना न्यूमोनिया झाला होता, त्याला आता आठ महिने होतील. जिना चढताना मी अजूनही मध्ये एकदा थांबतो. बाकी कामावर जातो, भाकरी खातो, मुलीला शाळेत सोडतो. घरच्यांनी, दवाखान्यातल्या लोकांनी माझ्यासाठी जे केलं त्याची परतफेड मला करता येणार नाही. पण मी तिथे एक चूक केली होती आणि ती लिहून ठेवता येईल. तुमच्या घरचं कुणी आज ऑक्सिजन लावून पालथं पडलेलं असेल, तर त्यांनी ती करू नये एवढ्यासाठी हे लिहितो.

बोट

मी भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलं नव्हतं. शाळेतल्या गुरुजींनी स्वतः फॉर्म भरून दिला, म्हणून मी जालन्याला बी.एस्सी. झालो. आता एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं, आठवड्यानं उघडायचं, शंभरातले किती उगवले ते मोजून लिहायचं, हे माझं काम.

गेल्या वर्षी पोळा झाला आणि मला ताप आला. चार दिवस गोळ्या खाऊन कामावर गेलो. पाचव्या दिवशी मोड मोजताना चाळिसाच्या पुढे जाईना. आकडा विसरायचो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. शेवटी स्टुलावर बसलो तो उठता येईना. बायको वैशाली रिक्षा घेऊन आली आणि मला गल्लीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

त्यांनी माझ्या बोटाला ऑक्सिजन मोजायची ती छोटी चिमटी लावली. पाहिलं. दुसऱ्या बोटाला लावली. पाहिलं. मग ती काढून स्वतःच्या बोटाला लावली.

तेव्हा मी घाबरलो. कारण आम्हीही तेच करतो. ओलावा मोजायच्या यंत्रावर पटणार नाही असा आकडा आला की आम्ही माहितीतला नमुना घालून यंत्र तपासतो. यंत्र बरोबर निघालं, म्हणजे मालच खराब.

त्यांच्या बोटावर अठ्ठ्याण्णव आले. माझ्या बोटावर एक्क्याऐंशी होते.

"ताई, घरी नेऊ नका," ते वैशालीला म्हणाले. "इथूनच सरळ मोठ्या दवाखान्यात जा."

फरशी

आजार पसरणारा होता म्हणून मला अतिदक्षता विभागात काचेच्या वेगळ्या खोलीत ठेवलं. आत कुणाला सोडत नव्हते. वैशाली दिवसातून एकदा दाराच्या काचेपाशी येऊन हात हलवायची. ती काय बोलते ते ओठांवरून ओळखायचा प्रयत्न करायचो. बहुतेक वेळा "जेवलात का" असं असायचं.

नाकात जाड नळी लावली. तिच्यातून गरम, दमट हवा इतक्या जोरात यायची की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येऊ नये. तरी आकडा नव्वदीच्या खालीच. मग डॉक्टर म्हणाले, "पालथे झोपा."

मला वाटलं तपासायला सांगतायत.

"तसं नाही. दिवसाचे चौदा-पंधरा तास असंच झोपायचंय. रात्री कुशीवर वळलात तर चालेल, उताणं मात्र नाही. फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो. तुम्ही उताणे असलात की तो दबून राहतो, पालथे झालात की मोकळा होतो. औषधं त्यांचं काम करतील, तुम्ही तुमचं करा. हे जमलं तर कदाचित घशात नळी टाकून मशीनवर घ्यावं लागणार नाही."

मी पालथा झालो. छातीखाली एक उशी, नडग्यांखाली एक. मान कधी डावीकडे, कधी उजवीकडे. कान दुखायचा, गाल बधिर व्हायचा, लाळ उशीवर पसरायची आणि ती पुसायलाही हात वर आणायचा कंटाळा यायचा. तासाभरात आकडा ब्याण्णव, त्र्याण्णववर आला. पद्धत लागू पडत होती.

पण पालथ्या माणसाला कुणाचं तोंड दिसत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला पलंगाची कड दिसायची, खाली लोखंडी चाक आणि एक कोपरा उडालेली फरशी. माणसं म्हणजे पाय. डॉक्टरांचे काळे बूट. झाडणाऱ्या मावशींच्या भेगाळलेल्या टाचा. आशा सिस्टरच्या निळ्या रबरी चपला. या आशा सिस्टर घनसावंगीकडच्या, कुंभार पिंपळगावच्या. सकाळची ड्यूटी त्यांची असायची आणि दर तासाला त्या माझा आकडा कागदावर मांडायच्या. मला जे कुणी हात लावायचं ते मागून लावायचं. सुई, थर्मामीटर, चादर, सगळं पाठीमागून यायचं. दुसऱ्या दिवशी मी मावशींना उगाच विचारलं, "आज वार कोणता?" त्यांनी सांगितला. मला वार नको होता. कुणीतरी माझ्याशी बोलावं एवढंच हवं होतं, पण पुढे काय बोलायचं ते सुचेना आणि टाचा निघून गेल्या.

उताणा

आई हसनाबादला धाकट्या भावाकडे, बाळूकडे राहते. तिला आम्ही सांगितलं होतं की कफ झालाय, दोन-चार दिवसांत सोडतील. ती रोज दुपारी शेतातून जेवायला घरी आली की दोनच्या सुमारास बाळूच्या फोनवरून व्हिडिओ लावायची. तिला तोंड पाहायचं असायचं.

आता हे सांगायलाच हवं. मी बारा वर्षांचा असताना वडील कपाशीच्या वावरात उन्हात पडले आणि गेले. त्यांना शोधायला आई गेली होती. तिनं पहिल्यांदा पाहिली ती त्यांची पाठ. पालथे पडलेले होते. त्यानंतर आमच्या घरात पालथं झोपायची कुणाची हिंमत नव्हती. आम्ही भावंडं झोपेत वळलो तरी ती उठून आम्हाला उताणं करायची. रागवायची नाही. नुसती खांद्याला धरून वळवायची आणि आम्ही पुन्हा वळतो का, हे बघत बसायची.

म्हणून दोन वाजता फोन वाजला की मी पालथा राहायचो नाही. उताणा व्हायचो, उशी मानेखाली घ्यायचो, नाकातली नळी हनुवटीखाली ओढायचो आणि फोन तोंडाजवळ धरायचो. मागचं काही दिसू नये म्हणून.

"गजा, आवाज असा काहून येऊन राह्यला रे?"

"पंख्याचा आहे आई."

"पंख्याचा? एवढा? जेवला का?"

"जेवलो. वरण-भात होता."

"तोंड सुकलं तुझं."

"दाढी वाढली म्हणून तसं दिसतं."

"वैशालीला सांग, दाढी करून दे म्हणा. आजारी माणसावानी काय दिसतो."

मी हसायचो. एकेक शब्द निवडून बोलायचो, कारण लांब वाक्य पुरत नव्हतं. आई भोळी नाही. पण फोनवर मी हसतो, हे तिला दिसत होतं. दहा-बारा मिनिटं. मग फोन ठेवायचा, नळी पुन्हा नाकात आणि धापा टाकत पालथं. मागे मशीन टीं-टीं करत असायचं. दोन वाजता सिस्टरांची ड्यूटी बदलते, सगळ्या टेबलापाशी उभ्या राहून एकमेकींना पेशंट समजावून देत असतात. कुणी येईपर्यंत मी जागेवर गेलेला असायचो आणि ते म्हणायचे, "चिमटी निसटली असेल."

अडीच वाजता दुपारच्या सिस्टर माझ्या मनगटातून रक्त काढायच्या. त्यावरून रक्तात ऑक्सिजन खरा किती उतरतोय ते कळतं. त्या सुईचं दुखणं वेगळंच असतं, पण मी तक्रार करायचो नाही. आईशी बोलून झालेलं असायचं. दिवसातली तेवढीच कमाई.

तिसऱ्या दिवशी काळे बूट पलंगापाशी बराच वेळ थांबले.

"गजानन, सकाळी तुम्ही बरे दिसता," डॉक्टर म्हणाले. "पण दुपारचा रक्ताचा रिपोर्ट तीन दिवस खराब येतोय, रोज आदल्या दिवसापेक्षा वाईट. म्हणजे पालथं ठेवून उपयोग होत नाहीये. उद्या दुपारीही असाच आला, तर नळी टाकून मशीनवर घेऊ. तुमच्या मिसेसना मी सांगितलंय."

मी "बरं सर" म्हणालो. खरंच एवढंच म्हणालो. शिकलेला माणूस, रोज नमुने तपासणारा, आणि त्या रिपोर्टचा माझ्या दोनच्या फोनशी काही संबंध असेल, हे माझ्या मनात आलं नाही. किंवा आलं आणि मी ते बाजूला सारलं. आता नक्की सांगता येत नाही.

थोड्या वेळानं वैशाली काचेपाशी आली. तिनं हात हलवला नाही. नुसती उभी होती. मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, तशी तिनं पदर तोंडाला लावला.

निळ्या चपला

चौथ्या दिवशी सकाळी निळ्या चपला आल्या, थांबल्या आणि मग गुडघे दिसले. मग आशा सिस्टरचं तोंड. त्या माझ्या पलंगाशेजारी फरशीवर उकिडव्या बसल्या होत्या. चार दिवसांत इतक्या जवळून माझ्या डोळ्यांसमोर आलेलं ते पहिलं माणसाचं तोंड. मास्क होता, पण डोळे होते. मला रडू आलं, ते मी खोकल्यात घातलं.

त्यांच्या हातात तासातासाच्या आकड्यांचा कागद होता; दोनचे आकडे त्यांनी मशीनमधून शोधून भरले होते.

"दादा, एक विचारू? खरं सांगायचं बिलकुल."

"विचारा."

"बाराला त्र्याण्णव. एकला त्र्याण्णव. दोनला ऐंशी. तीनला हळूहळू वर. हे परवाचं. काल बी तसंच. परवाच्या आदल्या दिवशी बी तसंच. फुप्फुसाला काय घड्याळ कळतं का?"

मी कागदाकडे पाहिलं.

"दोन वाजता काय करता तुमी?"

"आईचा फोन येतो."

"मंग? पालथं पडून बोलता येत न्हाई?"

मी त्यांना वडिलांचं सांगितलं. तुटक तुटक, चार वेळा थांबून. संपल्यावर त्या म्हणाल्या, "नळी बी काढता?"

"थोडीशी खाली करतो."

"देवा." त्यांनी कागद मांडीवर आपटला. "अहो, तुमची फुप्फुसं बरी होऊन राह्यली, आन् तुमी रोज दुपारी त्यांना नापास करता. त्या अडीचच्या रिपोर्टावरून डॉक्टर आज तुमच्या घशात नळी घालणार व्हते!"

"आईला सांगू नका, सिस्टर. तिला सहन होणार नाही."

"आईला काय दाखवायचं ते तुमी ठरवा. पण माझ्या कागदावर खोटं न्हाई चालणार. डॉक्टरला मी सांगणार. तुमी काय काम करता?"

"बियाणं तपासतो. किती उगवतं ते लिहितो."

"न उगवलेलं उगवलं म्हणून लिहिता का?"

प्रयोगशाळेत मी तसं करणाऱ्या एका पोराला सगळ्यांसमोर बोललो होतो. शेतकऱ्याचं अख्खं वावर वाया जाईल, म्हणून. आणि इथे आईला चांगला आकडा दाखवण्यासाठी मी स्वतःचाच नमुना बिघडवत होतो.

डॉक्टर आले. चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आजचा अडीचचा रिपोर्ट बघू. आज हलायचं नाही."

बारापासून दोनपर्यंतचा वेळ मी कधी विसरणार नाही. फोन उचलायचाच नाही असं एकदा ठरवलं. मग वाटलं, न उचलला तर बाळू वैशालीला लावेल, वैशाली रडेल आणि आईला न सांगता सगळं कळेल. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. मी फरशीच्या त्या उडालेल्या कोपऱ्याकडे बघत पडून होतो. इतकं एकटं मला वडील गेले तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान घरात माणसं होती.

फोन

आशा सिस्टरची ड्यूटी संपली होती, तरी त्या थांबल्या. फोन वाजल्यावर त्यांनीच उचलला आणि पलंगाच्या कडेला माझ्या तोंडासमोर धरला. मी एका गालावर पडलेलो, नळी नाकात, तोंड वाकडं झालेलं.

पलीकडे बाळू होता. "दादा? असा काय दिसून राह्यला तू? सरळ धर ना फोन."

"फोन सरळ आहे, बाळू. मीच पालथा आहे. आईला दे."

"पालथा काहून?"

"डॉक्टरांनी ठेवलंय. तसंच ठेवतात. आईला दे."

आईचं तोंड आलं. डोक्यावर अजून शेतातला पदर तसाच घट्ट बांधलेला. ती पाहत राहिली. मी म्हणालो, "आई, मला जास्त झालंय. खोटं बोललो मी. असं झोपलं की श्वास येतो."

मग ती स्क्रीनवरून बाजूला झाली आणि आवाज आला, "बाळ्या, बंद कर ते."

फोन बंद झाला.

सिस्टर म्हणाल्या, "दादा, आता हळू श्वास घ्या. नाकानं." त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. मला मशीनचा आवाज येत होता, पण आकडा मागे होता, मला दिसत नव्हता. मी पलीकडचं घर डोळ्यांसमोर आणत होतो. आई कुठे बसली असेल, बाळूला पाणी द्यायचं सुचलं असेल की नाही. मी माझा जीव वाचवायला तिला पुन्हा त्याच वावरात नेऊन उभं केलं होतं. हे बरोबर होतं का, हा प्रश्न मला अजूनही पडतो.

पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. फोन पुन्हा वाजला.

"कोण बाई हाय तिथं?" आई.

"मी सिस्टर आहे, मावशी."

"त्याच्या अंगावरचं पांघरूण काढ. पाठ दाखव मला."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मग उभ्या राहिल्या, चादर कमरेपर्यंत खाली केली, पाठीवरचा गाऊन बाजूला केला आणि फोन वर धरला. मला आता फक्त निळ्या चपला दिसत होत्या. पाठीवर गार हवा लागली.

सिस्टर फोन तसाच धरून उभ्या होत्या. बराच वेळ.

मग वरून आईचा आवाज आला, अगदी बारीक. "हलून राह्यली."

बाळूला म्हणत होती. "बघ. वर येऊन राह्यली, खाली जाऊन राह्यली. हलती रे बाळ्या."

आणि मग तिला रडू फुटलं. बावीस वर्षांपूर्वी तिनं जी पाठ पाहिली होती, ती हलत नव्हती. हे मला तेव्हा, त्या पलंगावर कळलं.

अडीच वाजता मनगटातून रक्त काढलं. तासाभरानं काळे बूट आले. "आज नळी नाही," डॉक्टर म्हणाले. "असंच पडून राहा."

पुढचे दिवस

लगेच बरं वाटलं असं नाही. अजून सहा दिवस पालथा होतो. दाराच्या काचेपाशी येऊन वैशालीनं एकदा मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद दाखवला, "आईंना सांगितलं ते बरं केलं. मला एकटीला झेपत नव्हतं." मी आईला वाचवतोय असं समजत होतो, तेव्हा सगळं ओझं तिच्या डोक्यावर होतं. त्याबद्दल मी तिची माफी मागितली, पण घरी आल्यावर. काचेतून मागता येत नव्हती.

आई रोज दोन वाजता फोन लावायची. माझ्याशी फारसं बोलायची नाही. पाठ बघायची. एकदा म्हणाली, "आज जल्दी जल्दी हलून राह्यली. काल बराबर व्हती." दुपारच्या सिस्टरनी घड्याळ लावून श्वास मोजले, खरंच वाढले होते. ताप मोजला तर तोही चढत होता. डॉक्टरांनी औषध बदललं. सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या आईला इथं ड्यूटीला बोलवा."

ती पाठ बघायची तेवढा वेळ मी फरशीकडे बघत असायचो. आम्ही दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत नव्हतो. पण त्या वेळात मला एकटं वाटायचं नाही. बाकीचे तेवीस तास वाटायचं. ते कुणालाच टाळता येत नाही असं मला वाटतं, म्हणून ते जातं असं मी खोटं लिहीत नाही.

अकराव्या दिवशी जाड नळी निघाली. साधी बारीक नळी लावून मला उशीला टेकवून बसवलं. दाढी केली. सगळ्यांची तोंडं दिसायला लागली. झाडणाऱ्या मावशींचं तोंड माझ्या कल्पनेपेक्षा खूपच तरुण निघालं. दोन वाजता फोन आला तो मी स्वतः धरला.

"आई, बघ. बसलोय. पंख्याचा आवाज पण नाही आता."

तिनं नीट पाहिलं. "दाढी केली."

"केली. बरा झालो गं मी."

"चांगलं झालं." मग म्हणाली, "आता जरा पालथा हो."

"अगं, आता गरज नाही. डॉक्टर म्हणाले, सरळ झोपलं तरी चालतं."

"डॉक्टरला चालत असंल. तोंडानं तू मला तीन दिवस खोटं बोलला, गजा. पाठ दाखव."

मी सिस्टरच्या हातात फोन दिला आणि पालथा झालो.